दोन राज्यांत राबणाऱ्याचा कर

फेब्रुवारी महिन्याचा पगार हाती पडला की नोकरदार मनुष्य पगारपत्रकाकडे एकदा निरखून पाहतो. अकरा महिने दोनशे रुपये म्हणून जी रक्कम मुकाट्याने वजा होत असते, ती त्या महिन्यात तीनशे होते. अकरा वेळा दोनशे आणि वर तीनशे मिळून वर्षाचे अडीच हजार रुपये भरतात. महाराष्ट्रात हा हिशेब पुष्कळ वर्षे अंगवळणी पडलेला आहे. एप्रिल २०२५ पासून कर्नाटकानेही हुबेहूब तीच रीत उचलली. व्यवसायकर ह्या नावाने ओळखली जाणारी ही रक्कम इतकी लहान, की तिच्यावर अग्रलेख लिहावा असे एरवी कोणा संपादकास वाटावयाचे नाही. तथापि कागल मागे टाकून कोगनोळी आली की राज्य बदलते, आणि कित्येक माणसे रोज ती हद्द ओलांडून कामाला जातात, कित्येक तिकडून इकडे येतात. अशा माणसाने आपल्या श्रमाचा कर कोणत्या राज्याला द्यावयाचा, हा प्रश्न लहान नाही. ह्या कराची मर्यादा वाढविण्याची शिफारस सरकारदरबारी पडून असताना तर तो आजच विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.

आपल्या राज्यांना प्राप्तिकर बसविता येत नाही, अशी सुशिक्षित वाचकांची सर्वसाधारण समजूत असते, आणि ती बव्हंशी खरी आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राच्या यादीत ८२ व्या क्रमांकावर आहे. शेतीच्या उत्पन्नावरील कर राज्यांच्या यादीत ४६ व्या क्रमांकावर ठेवलेला आहे. परंतु राज्यांच्या त्याच यादीत ६० व्या क्रमांकावर व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी ह्यांवरील कर आहेत, आणि हाच तो मागला दरवाजा. मनुष्य व्यवसाय करतो तो उत्पन्नासाठी. मग व्यवसायावरचा कर हा उत्पन्नावरचाच कर नव्हे काय, असा आक्षेप येणार हे घटनाकारांना दिसत होते. म्हणून २७६ व्या अनुच्छेदात त्यांनी आधीच लिहून ठेवले, की असा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्याच कारणाने तो अवैध ठरणार नाही. सरळ मराठीत सांगावयाचे तर हा राज्यांचा प्राप्तिकरच आहे. त्याचे नाव वेगळे आणि अंगरखा आखूड, इतकेच.

अंगरखा आखूड राहिला ह्यालाही इतिहास आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली अधिकारावर आलेल्या संयुक्त प्रांताच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली नोकरीवर कर बसविण्याचा घाट घातला, तेव्हा प्रांत आता प्राप्तिकरात हात घालू लागले अशी ओरड झाली. ब्रिटिश पार्लमेंटने १९४० साली मूळ कायद्यात दुरुस्ती करून अशा कराला माणशी वर्षाला ५० रुपयांची मर्यादा घातली. स्वतंत्र भारताच्या घटनेने ती २५० केली, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० केली, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. ह्या मर्यादेचे शब्द मात्र नीट वाचावयास हवेत. अडीच हजारांची कमाल ही एका व्यक्तीने त्या राज्याला द्यावयाच्या रकमेची आहे. त्याच व्यक्तीने शेजारच्या राज्याला काही दिले आहे काय, ह्याची चौकशी घटना करीत नाही. साताऱ्यास राहून साताऱ्यासच राबणाऱ्याचे ह्या शब्दांनी काही बिघडत नाही. हद्दीवर वसलेल्या कोल्हापूरकराचे बिघडते.

प्रथम नोकरदाराचे पाहू. एका घरातील दोन सख्खे भाऊ धरा. थोरला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला, धाकटा निपाणीस. दोघांचाही पगार महिना वीस हजार. थोरल्याकडून महाराष्ट्र सरकार वर्षाला पुरे अडीच हजार घेते, कारण आमच्याकडे पुरुष नोकरदाराचा पगार दहा हजारांवर गेला की त्याला कराचा वरचा दर लागतो. धाकट्याला एक पैसाही द्यावा लागत नाही, कारण कर्नाटकात २०२३ पासून पंचवीस हजारांखालच्या पगारावर हा कर नाही. त्यांची बहीण थोरल्याच्याच कारखान्यात त्याच पगारावर असेल तर तिलाही कर नाही. महाराष्ट्राने त्याच वर्षी पंचवीस हजारांपर्यंतची सूट दिली, पण ती केवळ स्त्रियांना. तीन भावंडांची चूल एक, पगार एक, आणि कर मात्र एकट्या थोरल्याला. स्त्रियांना मिळालेली सवलत रास्तच आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी आणि आतला व्यवस्थापक ह्या दोघांनाही वर्षाचे तेच अडीच हजार लावणाऱ्या दराविषयी. ज्याचे पोट हातावर आहे त्याने इकडे नोकरी धरावी की तिकडे, ह्याचा हिशेब करताना हे अडीच हजारही मोजले जातात, हे मुंबईस बसून दर ठरविणाऱ्यांच्या ध्यानी येत नसावे.

तरीही नोकरदाराची नोकरी एक, म्हणून त्याचा कर एकाच राज्याला जातो. खरी अडचण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याची आहे. कोल्हापुरातील डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस निपाणीस किंवा संकेश्वरास रुग्ण तपासावयास जातो. वकील आहेत, हिशेबतपासनीस आहेत, यंत्रे बसवून देणारे तंत्रज्ञ आहेत, मालाची मागणी गोळा करीत हिंडणारे दलाल आहेत. महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा ह्यांच्याकडून कर मागतो, आणि कर्नाटकाचा १९७६ चा कायदाही आपल्या हद्दीतील व्यवसायापुरता आपला कर मागतो. एका राज्याची पावती दुसऱ्या राज्यात चालत नाही. प्रत्यक्षात काय घडते ते सारेच जाणतात. सरळ माणूस दोन्हीकडे भरतो, आणि चलाख माणूस इकडे विचारले तर ‘तिकडे भरतो’ आणि तिकडे विचारले तर ‘इकडे भरतो’ असे सांगून मोकळा होतो. सरळपणाला दंड आणि चलाखीला बक्षीस अशी ज्या कराची रीत असते, तो कर रकमेने लहान असला म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

तिसरा वर्ग अलीकडचा आहे. २०२० च्या साथीत बंगळुरातील आणि पुण्यातील कंपन्यांत काम करणारे कितीतरी तरुण संगणक अभियंते घरी परतले, आणि त्यांतले काही येथेच राहून काम करू लागले. मालक बंगळुरास, संगणक राजारामपुरीत. हा मनुष्य काम कोठे करतो? कायदे झाले तेव्हा कामाची जागा म्हणजे कचेरीतील खुर्ची, ही गोष्ट इतकी उघड होती की ती सांगण्याची गरज कोणाला भासली नाही. आज मालक आपल्या राज्याच्या रीतीप्रमाणे कर कापतो आणि त्याचे काम संपते. हा तरुण ज्या राज्यात राहतो, जेथल्या रस्त्यांवरून फिरतो, जेथल्या दवाखान्यात आईवडिलांना नेतो, त्या राज्याच्या तिजोरीत त्यातले काही पडत नाही. उलट पुण्याच्या कंपनीचा बेळगावात बसून काम करणारा तरुणही असतोच. हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो आहे. तो एका राज्याच्या फायद्याचा आहे असे समजून कोणी खूश होण्याचे कारण नाही.

हा करच नको, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे महाराष्ट्राला शोभणारही नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेने जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यासाठी पैसा उभा करावा म्हणून हा कर १९७५ साली बसविण्यात आला. पुढे १९७७ च्या कायद्याने ग्रामीण मजुराला कामाचा हक्क मिळाला, आणि त्या हक्काच्या खर्चाचा भार शहरातील पगारदाराने व व्यावसायिकाने उचलावा असे ठरले. शेजारी खडी फोडणाऱ्या हाताला मजुरी मिळावी म्हणून आपल्या पगारातून काही जावे, ह्यात पांढरपेशा वर्गाला अभिमान वाटावा असेच काही होते. पण ह्या गोष्टीतूनच प्रश्नाचे मर्मही उघड होते. असा कर म्हणजे केवळ वसुली नव्हे. एका राज्यातील लोकांनी आपापसांत मानलेले ते एक नाते आहे. मग जो एका राज्यात राहतो आणि दुसऱ्या राज्यात राबतो, त्याचे हे नाते कोणाशी? जेथे राबतो त्या राज्याचा रस्ता, वीज, बाजारपेठ त्याने वापरली. जेथे राहतो त्या राज्याने त्याची मुले शिकविली. हक्क दोघांचाही आहे. दोघांचा हक्क आहे म्हणून दोघांनीही पुरा कर घ्यावा, हे मात्र त्यातून निघत नाही.

कोल्हापूरला ह्या वादाची ओळख फार जुनी आहे. १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत करवीर हे संस्थान होते आणि बेळगाव ब्रिटिश मुलुखात होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात पुढे दुरुस्तीने अशी तरतूद आली होती, की संस्थानात झालेले उत्पन्न ब्रिटिश मुलुखात आणले नाही तोवर त्यावर तेथे कर नाही. म्हणजे बेळगावच्या व्यापाऱ्याची कोल्हापुरातील नफ्याची थैली कोल्हापुरातच राहिली तर ती निर्धास्त. तीच हद्दीपलीकडे गेली की कराला पात्र. उत्पन्न झाले कोठे, हाती पडले कोठे, आणले कोठून, ह्यावर वकिलांनी आणि न्यायालयांनी वर्षानुवर्षे खल केला. विलीनीकरणानंतर संक्रमणकाळापुरत्या सवलती देण्यासाठी केंद्राला १९४९ साली विलीन संस्थानांकरिता खास आदेश काढावा लागला. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका कोल्हापुरास जोडला गेला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. एवढ्या उलथापालथीत निपाणीच्या वा चंदगडच्या माणसाचा प्राप्तिकर मात्र बदलला नाही, कारण तो केंद्राचा होता. ह्या सोयीचे मोल आम्हांला फारसे जाणवत नाही. न झालेला त्रास कोणाच्या लक्षात राहत नाही.

केंद्राने गोळा केलेला पैसा राज्यांत वाटताना तोच वाद वेगळ्या वेषात पुढे आला, हेही येथे सांगितले पाहिजे. मुंबई म्हणे, कर येथे जमा होतो, तेव्हा मोठा वाटा आमचा. इतर राज्ये म्हणत, कंपनीची कचेरी मुंबईस असली तरी नफा आमच्या कच्च्या मालावर आणि आमच्या गिऱ्हाइकांवर झाला. १९३६ च्या निमायर निवाड्याने प्रांतांच्या वाट्यातून मुंबईला २० टक्के दिले, १९५० च्या चिंतामणराव देशमुखांच्या निवाड्याने २१ दिले. पुढे १९५२ साली नियोगी आयोगाने राज्यांच्या वाट्याचे ८० टक्के लोकसंख्येवर आणि अवघे २० टक्के वसुलीवर वाटावयाचे ठरविताच मुंबईचा वाटा साडेसतरावर उतरला. आज अशीच खंत कर्नाटकाच्या तोंडून ऐकू येते; चौदाव्या वित्त आयोगाने त्याला राज्यांच्या वाट्यातील ४.७१३ टक्के दिले होते, पंधराव्याने ३.६४७ दिले. महाराष्ट्राने ही खंत समजून घ्यावी, कारण तिचा अनुभव त्याला सत्तर वर्षांपूर्वीच आलेला आहे. मात्र ह्या खंतीतून अधूनमधून जो उपाय पुढे केला जातो, तो आम्हांस मान्य नाही. केंद्र पुरेसे देत नाही, तेव्हा राज्यांना आपापला प्राप्तिकर बसवू द्या, असा हा उपाय आहे.

हा उपाय सुचविणाऱ्यांनी न्यू जर्सीतील एखाद्या मराठी घरी जाऊन चौकशी करावी. एडिसन वा जर्सी सिटीत राहावे आणि हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये नोकरीस जावे, हा तेथील कितीतरी मराठी कुटुंबांचा नित्यक्रम आहे. केंद्राचा प्राप्तिकर भरून झाल्यावर न्यू यॉर्क राज्य तेथे मिळविलेल्या पगारावर आपला कर घेते. मग न्यू जर्सी आपल्या रहिवाशाच्या सगळ्या उत्पन्नावर कर आकारते आणि न्यू यॉर्कला भरलेल्या कराबद्दल मर्यादेपर्यंत सूट देते. पगार एक, विवरणपत्रे तीन. तोच मनुष्य उलट दिशेने पेनसिल्व्हेनियात नोकरीस गेला असता, तर १९७७ सालापासूनच्या परस्पर कराराने त्याच्या पगारावरचा राज्याचा कर फक्त राहत्या राज्यानेच घेतला असता. एका शेजाऱ्याशी करार आहे, दुसऱ्याशी नाही, आणि त्या दोन शेजाऱ्यांमधील फरक माणसाच्या खिशातून मोजला जातो.

ह्या व्यवस्थेचे नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२० सालापासून घडवीत आणले आहेत. परराज्यातील रहिवाशाने आपल्या हद्दीत मिळविलेल्या उत्पन्नावर राज्याला कर घेता येतो. परंतु आपल्या रहिवाशांना दिलेली सूट त्याला नाकारता येत नाही. न्यू हॅम्पशर राज्याने प्रत्यक्षात केवळ बाहेरून येणाऱ्या नोकरदारांवरच पडेल असा कर बसविला होता. तो १९७५ साली रद्दबातल झाला. इथवर ठीक. पण कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की ह्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. शिकवावयाचे न्यू यॉर्कला आणि राहावयाचे कनेक्टिकटमध्ये, असा त्यांचा क्रम. आठवड्यातील काही दिवस ते घरीच बसून लेखन-वाचन करीत. न्यू यॉर्क म्हणाले, घरी बसणे ही तुमची सोय आहे, मालकाची गरज नव्हे, सबब त्या दिवसांचा पगारही आमच्या करास पात्र. कनेक्टिकट म्हणाले, ते दिवस तुम्ही आमच्या भूमीवर काम केले, सबब कर आमचा. प्राध्यापकमजकूर करकायद्याचे जाणकार, आणि स्वतःच वादी. तरीही २००३ साली न्यू यॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयात ते हरले, आणि त्या दिवसांच्या पगारावर दोन राज्यांना कर भरते झाले. पुढे २०२० च्या साथीत लोक घरी बसले, तेव्हा मॅसॅच्युसेट्सने आपल्या कचेऱ्यांतील परराज्यीय नोकरांवरचा कर तसाच चालू ठेवला. न्यू हॅम्पशरने त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०२१ साली त्या न्यायालयाने दावा दाखल करून घेण्यासच नकार दिला. राजारामपुरीत बसून बंगळुराचे काम करणाऱ्या आमच्या तरुणाची ही जुळी भावंडेच होत. फरक एवढाच, की त्याच्या बाबतीत आज अडीच हजारांचा प्रश्न आहे आणि त्यांच्या बाबतीत पगाराच्या मोठ्या हिश्शाचा.

आपल्या राज्यांना पुरता प्राप्तिकर मिळण्याची शक्यता आज दूर आहे. त्यासाठी घटना बदलावी लागेल. पण त्याच दिशेचे एक लहान पाऊल जवळ आहे. चौदाव्या वित्त आयोगाने व्यवसायकराची कमाल मर्यादा २,५०० वरून १२,००० रुपये करावी, आणि पुढे ती बदलण्याचा अधिकार २७६ व्या अनुच्छेदात दुरुस्ती करून संसदेला द्यावा, अशी शिफारस केलेली आहे. १९८८ सालच्या अडीच हजारांची आजची किंमत पाहिली तर वाढीची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. राज्यांच्या हाती वस्तू व सेवाकरानंतर स्वतःचे म्हणून फारसे कर उरलेले नाहीत हेही खरे. मात्र मर्यादा प्रत्येक राज्यापुरतीच राहिली, तर दोन्हीकडे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरवर वर्षाला चोवीस हजार रुपयांचा भार पडू शकेल. आता ह्याच्या शेजारी दुसरी रक्कम ठेवून पाहा. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नाला प्राप्तिकरातून मोकळे केले. म्हणजे वर्षाला दहा लाख मिळविणारा हा डॉक्टर सबंध भारत सरकारला काही देणार नाही, आणि कोगनोळीच्या दोन बाजूंना मिळून चोवीस हजार देईल. व्यवसायकर प्राप्तिकराचा धाकटा भाऊ आहे असे म्हणावयाची सोयही मग राहणार नाही.

जाता जाता केंद्राच्या एका करणीचीही नोंद करावयास हवी. जुन्या पद्धतीत पगारदाराने राज्याला भरलेला व्यवसायकर केंद्राच्या प्राप्तिकराच्या हिशेबात उत्पन्नातून वजा होत असे. २०२३ पासून सर्वांना आपोआप लागू होणारी जी नवी पद्धत आली, तिच्यात ही वजावट नाही. हातात न आलेल्या पैशावर कर, असा ह्याचा अर्थ होतो. रक्कम किरकोळ आहे म्हणून पगारदार गप्प राहिला. ती पाचपट झाली तर तो गप्प राहील असे वाटत नाही.

मग करावयाचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेहून स्वित्झर्लंडच्या हद्दीवर अधिक चांगले मिळते. फ्रान्समध्ये राहून स्विस कारखान्यांत रोज कामाला जाणाऱ्या लोकांचा पुष्कळ मोठा वर्ग तेथे आहे, आणि ती दोन राज्ये नसून दोन स्वतंत्र राष्ट्रे आहेत. जिनिव्हाने १९७३ साली करार केला: कर जिनिव्हाच घेईल, पण ह्या कामगारांच्या एकूण वेतनाच्या साडेतीन टक्के रक्कम सरहद्दीलगतच्या फ्रेंच भागांना परत देईल, कारण त्यांची घरे, शाळा, रस्ते तेथे आहेत. बासेल, व्हो वगैरे आठ स्विस परगण्यांनी १९८३ साली उलटा मार्ग धरला: कर फ्रान्स घेईल, आणि वेतनाच्या साडेचार टक्के स्वित्झर्लंडला देईल. कोणता मार्ग अधिक बरा ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. दोन्हींत समान गोष्ट ही, की त्या वेतनाचा कर कामगाराने एकाच ठिकाणी भरावयाचा आणि वाटणीचा हिशेब सरकारांनी आपापसांत मिटवावयाचा.

असे करार आम्हांला अपरिचित आहेत असे नाही. गांधीनगरच्या पेठेतून निपाणीच्या दुकानात गेलेल्या कापडाचा कर कोणाचा, हा वाद १ जुलै २०१७ पासून मिटला. माल जेथे खपतो त्या राज्याला राज्याचा वाटा, आणि मधला हिशेब केंद्राच्या मार्फत. विक्रीकराच्या नाक्यांवर रात्ररात्र उभे राहणारे मालमोटारींचे तांडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ह्या सुधारणेची थोरवी सांगावयास नको. दोन राज्यांच्या एस. टी. गाड्या परस्परांशी झालेल्या कराराने एकमेकांच्या हद्दीत धावतात, आणि त्या कराराला सीमावादाची झळ अधूनमधून लागली तरी तो टिकून आहे. कापडाची सोय झाली, मोटारीची झाली. त्या मोटारीत बसून कामाला जाणाऱ्या माणसाची तेवढी राहिली.

सीमाप्रश्न निकालात निघेपर्यंत ह्याला हात लावू नये, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि त्याचा निर्णय व्हावयाचा तेव्हा होईल. हद्द कोठेही पडली तरी तिच्या दोन्ही बाजूंना माणसे राहणार आणि पोटासाठी ती ओलांडणार. तेव्हा ह्या कराराने कोणाच्याही दाव्याला बाध येत नाही. सरकारी यंत्रणेत एक गमतीदार अडचण मात्र आहे. राज्याराज्यांतील अशा प्रश्नांसाठी १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या, त्यांत महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात. म्हणजे कोल्हापूरने आपल्या प्रश्नाचा विचार गुजरातबरोबर बसून करावा आणि निपाणीने केरळबरोबर बसून! सुदैवाने त्याच कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे.

बैठकीचीही वाट पाहावी असे नाही. शेजारच्या राज्यात त्याच वर्षी भरलेल्या व्यवसायकराची पावती दाखविली, तर तेवढी रक्कम आमच्या करातून वळती होईल, एवढे कलम दोन्ही कायद्यांत घातले तरी निम्मे काम होईल. उरलेले निम्मे घरी बसून परराज्याचे काम करणाऱ्यांचे. त्यांच्यासाठी राहते ठिकाण हीच कामाची जागा धरावी असे आम्हांस वाटते, कारण ती लपविता येत नाही आणि तीविषयी मालकाची सोय-गैरसोय पाहावी लागत नाही. आणि मर्यादा वाढवावयाची असेल, तर २७६ व्या अनुच्छेदाच्या दुरुस्तीतच ती माणसापुरती ठरवावी, राज्यापुरती नव्हे. बारा हजार म्हणजे सगळ्या राज्यांचे मिळून बारा हजार.

आजच्या अडीच हजारांवर ही सूट देताना दोन्ही तिजोऱ्यांना फारशी झळ लागणार नाही. मर्यादा बारा हजारांवर गेल्यानंतर हेच मागावयास गेलो, तर दोन्ही अर्थखाती आकडा पाहून हात आखडतील. कोल्हापूर जिल्ह्यातील आमदारांनी, पक्ष कोणताही असो, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात १९७५ च्या कायद्याला ही दुरुस्ती सुचवावी. आणि निपाणी, चिकोडी, बेळगावच्या आमदारांनी बंगळुरास १९७६ च्या कायद्याला तीच दुरुस्ती, शक्य तर त्याच शब्दांत, मांडावी.